चिंचोके, फासे आणि ‘हातचा’ : पहिली-दुसरीच्या पोरांना बेरीज खेळातून कशी येते?

नंदुरबार : “शाळेत पोरं नुसती खेळतात, शिकतात कधी?” गावात शाळेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न चुकीचा नाही. पण बेरजेच्या बाबतीत खेळ हेच शिकणं असतं. ते कसं, हे पालकांनीही समजून घेतलं तर घरी त्याचा मोठा उपयोग होतो.

आधी अडचण कुठे येते ते बघू. दुसरी-तिसरीच्या पोराला २७ + १५ द्या. बरीच पोरं उत्तर ३१२ लिहितात. सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन, झालं! पोरगं ढ नाही. त्याने प्रत्येक बेरीज बरोबर केली आहे. फक्त २७ मधला २ म्हणजे वीस, हे त्याच्या हाताने कधी अनुभवलेलं नाही. मग ‘हातचा एक’ हा त्याच्यासाठी नुसता मंत्र होतो. पाठ झाला तर झाला, नाहीतर पाचवीपर्यंत तसंच चालतं.

आपल्या जिल्ह्यात त्यात भाषेची भर पडते. घरी भिली, पावरी, मावची, अहिराणी नाहीतर गुजरी आणि शाळेत मराठी. त्यात मराठी आकड्यांची नावं उलटी. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून पोरगं ७२ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशीही वाचनाची पद्धत दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. टिंगल पुष्कळ झाली, पण लहान पोरांबरोबर बसून बघितलं तर त्यामागचं कारण लगेच पटतं. घरी दोन्ही नावं बोला, काही बिघडत नाही. आणि पहिली मोजणी घरच्या बोलीत झाली तरी चालेल. चिंचोका मराठीत पाच असतो तसा पावरीतही पाचच असतो.

आता खेळ. सगळ्यात सोपा ‘मुठीत किती?’ दहा चिंचोके पोराकडून मोजून घ्या. काही मुठीत लपवा, बाकीचे समोर ठेवा. समोर चार दिसतात, मग मुठीत किती? मूठ उघडली की उत्तर समोरच असतं, कोणी ‘चूक’ म्हणायची गरज नाही. रोज पाच मिनिटं खेळलं की दहाच्या जोड्या बसतात : सहा-चार, सात-तीन, आठ-दोन. याचा फायदा पुढे दिसतो. ८ + ५ आलं की पोरगं म्हणतं, आठला दोन लागतात, पाचातले दोन दिले, तीन उरले, तेरा.

दुसरा खेळ दोन फाशांचा. एकावर ५, दुसऱ्यावर ३ पडले. सुरुवातीला पोरगं सगळे ठिपके एकपासून मोजेल, मोजू द्या. काही दिवसांनी ते पाच धरून ‘सहा, सात, आठ’ म्हणायला लागतं. ही उडी फार महत्त्वाची आहे, घाई करून ती शिकवता येत नाही. साप-शिडी खेळताना एक गोष्ट मात्र बघा : सोंगटी ज्या घरात उभी आहे तेच घर पोरगं ‘एक’ म्हणून मोजतं का? मोजत असेल तर त्याची बेरीज नेहमी एकाने कमी येणार.

आणि मग मुख्य खेळ, काड्यांचा. तुरीच्या नाहीतर झाडूच्या काड्या सारख्या तोडून घ्या. फासे टाकायचे, तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. ज्याचे दहा गठ्ठे आधी, तो जिंकला. आठ-दहा डाव झाल्यावर तेच २७ + १५ पुन्हा द्या. दोन गठ्ठे सात सुट्या, एक गठ्ठा पाच सुट्या. सुट्या झाल्या बारा, त्यातला एक गठ्ठा बांधला. चार गठ्ठे, दोन सुट्या. बेचाळीस. ‘हातचा’ म्हणजे हाच नवीन बांधलेला गठ्ठा. पोराने तो स्वतः बांधलेला असतो, म्हणून विसरत नाही.

घरात रबर नसेल तर दहाच्या नोटा आणि एकेक रुपयाची नाणी घेऊन दुकान-दुकान खेळा. आठवडे बाजारात मिरची-कांदा घेताना पोराला हिशोब विचारा. बाजारात पटकन हिशोब सांगणारं पोरगं वहीत अडखळतं असं पुष्कळदा दिसतं, तेव्हा तोच हिशोब घरी येऊन काड्यांनी मांडायचा आणि शेजारी लिहायचा. काड्या आणि लिहिणं सोबत चाललं पाहिजे. नुसतं खेळून वही कोरी राहिली तर पालकांची तक्रार रास्तच म्हणावी लागेल.

ही पद्धत कुठून बाहेरून आलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली पोरांना शिकवताना शिंपले, बिया, पानं अशीच परिसरातली साधनं वापरली. आता केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानात २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावं असं ठरलं आहे. कित्येक जिल्हा परिषद शाळांत गणितपेटी आहे, तिच्यात शंभर मण्यांची माळ असते, दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे. आपल्या शाळेतली पेटी कपाटात कुलूपबंद आहे की पोरांच्या हातात, हे पालकांनी विचारायला हरकत नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्या कुटुंबांनी दोन फासे आणि दोन-चार रबर सोबत ठेवावेत. काड्या तिथे मिळतातच. मोठी बहीण धाकट्याला खेळवू शकते, चार महिन्यांचा खंड तेवढा तरी कमी जाणवतो.

एक सांभाळा. लाल-काळ्या गुंजा दिसायला छान, पण विषारी असतात, एरंडीच्या बियाही तशाच. मोजायला त्या अजिबात देऊ नका. तीन-चार वर्षांची पोरं चिंचोकेसुद्धा नाकात-कानात घालतात, त्यांच्यासाठी बाटल्यांची मोठी बुचं बरी.