ताहितीतील बाळाचे नाव

ताहिती बेटावर एखाद्या मुलीचे नाव 'वायआना' ठेवले जाते. 'वाय' म्हणजे पाणी आणि 'आना' म्हणजे गुहा. गुहेतून झरणारे पाणी, असा त्या नावाचा सरळ अर्थ. परंतु हीच मुलगी बोलू लागली आणि तहान लागली म्हणून पाणी मागू लागली, की ती 'वाय' मागत नाही. ती 'पापे' मागते. नावात एक शब्द आणि नित्याच्या बोलण्यात दुसरा, असे का व्हावे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात त्या बेटाचा अडीचशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

दक्षिण पॅसिफिक महासागरातील सोसायटी द्वीपसमूहात ताहिती हे सर्वांत मोठे बेट. इंग्रज कप्तान सॅम्युएल वॉलिस १७६७ मध्ये येथे आला, फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील १७६८ मध्ये आणि जेम्स कुक १७६९ मध्ये. या पाहुण्यांची पहिली चूक नावांच्या बाबतीतच झाली. ताहिती भाषेत विशेषनामापूर्वी 'ओ' हा शब्द येतो. तो नावाचाच भाग समजून इंग्रजांनी बेटाला 'ओटाहिटी' म्हटले, 'तू' नावाच्या प्रमुखाला 'ओटू' केले आणि १७७४ मध्ये लंडनला पोचलेल्या 'माई' नावाच्या तरुणाला 'ओमाई' करून टाकले. सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी रंगविलेले त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये ते सार्वजनिक संग्रहालयांच्या मालकीचे झाले, तेव्हा कोठे त्याच्या शीर्षकात 'माई' हे खरे नाव आधी आणि 'ओमाई' कंसात, असा क्रम आला.

ताहितीच्या लोकांच्या दृष्टीने ही चूक क्षुल्लक नव्हती. त्यांच्या समाजात नाव ही केवळ हाक मारण्याची सोय नव्हती. ती मालमत्ता होती. प्रत्येक कुळाची 'मराए', म्हणजे दगडी चौथऱ्याचे उघडे देवस्थान, असे. कुळाची वंशपरंपरागत नावे त्या मराएशी जोडलेली असत आणि जमिनीवरील हक्क सिद्ध करावयाचा तर ती नावे सांगता यावी लागत. थोर घराण्यात पहिला मुलगा जन्मला, की त्याच क्षणी पित्याची पदवी त्याच्याकडे जाई आणि पिता केवळ त्याचा पालक म्हणून कारभार पाही. दोघांना जिवाभावाची मैत्री जोडावयाची असेल, तर ते परस्परांची नावे घेत. बूगँव्हीलबरोबर फ्रान्सला गेलेला अहुतोरू स्वतःला 'पूतावेरी' म्हणवी. ते बूगँव्हीलच्याच नावाचे ताहिती रूप होते. १७७१ मध्ये परतीच्या प्रवासात देवीच्या रोगाने त्याचा अंत झाला.

नाव इतके वजनदार असेल, तर राजाचे नाव कोणी सहज उच्चारावे कसे? येथूनच 'पी' या विलक्षण प्रथेचा उगम झाला. प्रमुखाच्या नावात जे शब्द येतील, ते प्रजेने नित्याच्या बोलण्यातून वर्ज्य करावयाचे आणि त्यांच्या जागी दुसरे शब्द वापरावयाचे, अशी ही रीत होती. पतीचे नाव न घेणाऱ्या स्त्रिया ज्या घरांत होऊन गेल्या, त्या घरांना हा संकोच अपरिचित नाही; मात्र येथे तो साऱ्या राज्यावर बंधनकारक होता.

उपरोक्त तू याचे एक अपत्य क्षयासारख्या विकाराने रात्रभर खोकत खोकत गेले, असे परंपरा सांगते. 'पो' म्हणजे रात्र आणि 'मारे' म्हणजे खोकला. शोकाकुल पित्याने त्या रात्रीची खूण म्हणून 'पोमारे' हे नाव धारण केले आणि तेच पुढे राजघराण्याचे नाव झाले. परिणामी रात्रीला 'पो' म्हणणे वर्ज्य ठरले आणि लोक 'रुई' म्हणू लागले. एका बापाचे दुःख सबंध भाषेवर असे कोरले गेले. 'तू' म्हणजे उभे राहणे. त्याच्या जागी 'तिआ' आले. ताऱ्याला 'फेतू' म्हणत. त्यातही राजाचे नाव ऐकू येई, म्हणून तारा 'फेतिआ' झाला. पाण्याचे 'वाय' जाऊन 'पापे' आले आणि 'वायएते' या गावाचे 'पापेएते' झाले. आज तीच फ्रेंच पॉलिनेशियाची राजधानी होय. न्यूझीलंडमधील माओरी अजूनही दोनला 'रुआ' म्हणतात. ताहितीत मात्र 'पिती' म्हणतात, आणि याचेही कारण हीच प्रथा सांगितली जाते. १७९१ च्या अखेरीस आलेल्या कप्तान व्हँकुव्हरने नव्या राजाच्या अधिकारग्रहणाबरोबर नित्याचे चाळीस-पन्नास शब्द बदलल्याची नोंद केली आहे.

पुढे बदलाची दिशा पालटली. १७९७ मध्ये 'डफ' जहाजातून लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक आले. १८१९ मध्ये दुसऱ्या पोमारेने बाप्तिस्मा घेतला. हेन्री नॉट यांच्या परिश्रमाने ताहिती भाषेतील संपूर्ण बायबल १८३८ मध्ये छापून निघाले. त्याबरोबर इओआने, पेतेरो, मारिया ही नावे पाळण्यापाशी आली. १८२७ पासून १८७७ पर्यंत राज्य केलेल्या राणीचे जन्मनाव 'आइमाता' होते. मराठी कानाला ते किती ओळखीचे वाटते! परंतु त्याचा अर्थ 'डोळा खाणारी' असा आहे; नरबळीच्या प्रसंगी बळीचा डोळा प्रमुखापुढे धरला जाई, त्या जुन्या विधीचे ते स्मरण होते. ख्रिस्ती झालेल्या समाजात असे नाव पुन्हा कोण ठेवणार?

१८४२ मध्ये फ्रान्सचे संरक्षण आले आणि १८८० मध्ये राज्यच फ्रान्सच्या स्वाधीन झाले. सरकारी नोंदवहीला कायमचे आडनाव हवे होते. तेव्हा अनेक घरांत एखाद्या पूर्वजाचे व्यक्तिगत नावच आडनाव बनून गोठले. फ्रान्सच्या १८०३ च्या कायद्याने मुलांची नावे पंचांगातील संतांच्या व प्राचीन इतिहासातील व्यक्तींच्या नावांतून निवडावयाची होती. आईबापांना खरी मोकळीक १९९३ च्या कायद्याने दिली. फ्रेंच अमलाखालील या बेटावर नोंदीत फ्रेंच नाव आणि घरात ताहिती नाव, असा दुहेरी संसार रूढ झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. १९७४ मध्ये ताहिती भाषेच्या अकादमीचे कार्य सुरू झाले आणि १९८०च्या दशकात प्राथमिक शाळांतून ही भाषा शिकविली जाऊ लागली. मोआना म्हणजे खोल समुद्र, तिआरे म्हणजे फूल, पोएरावा म्हणजे काळसर मोती, हेइमाना म्हणजे सामर्थ्याची माळ. अशी नावे आता उघडपणे नोंदली जातात. लिपीची अडचण मात्र उरली. ताहिती भाषेत स्वराच्या ऱ्हस्वदीर्घाने आणि कंठातील सूक्ष्म विरामाने अर्थ बदलतो. परंतु २०१४ च्या फ्रेंच परिपत्रकात नोंदीसाठी मान्य केलेल्या चिन्हांत दीर्घ स्वरावरील आडव्या रेघेला स्थान नव्हते.

ताहितीत बाळासाठी नाव निवडताना म्हणूनच केवळ नादमाधुर्य पाहून भागत नाही. ते नाव कोणत्या कुळाचे, कोणत्या भूमीचे, त्यातील शब्दांचा अर्थ काय आणि उच्चार कसा, हे जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारणे हाच जुन्या रीतीला धरून असलेला मार्ग होय. परक्या देशातील ज्या आईबापांना ही नावे गोड वाटतात, त्यांनीही एवढी चौकशी करणे उचित ठरेल. कारण एके काळी राजांच्या नावांनी प्रजेच्या तोंडचे शब्द हिरावून घेतले. आता त्यांतलेच काही शब्द बालकांची नावे सांभाळीत आहेत. ताहितीच्या घराघरांत पाण्याला 'पापे' म्हणतात, पण अंगणात खेळणाऱ्या वायआनाला आई हाक मारते, तेव्हा 'वाय' हा जुना शब्द तिच्या तोंडून रोज उच्चारला जातो.