भुईआवळ्याची साक्ष

पावसाळा सुरू झाला की आमच्या विंचूरच्या मळ्यांतून, बांधाच्या कडेने भुईआवळा उगवतो. वीत-दीड वीत उंचीचे झुडूप. पानांच्या काडीखाली ओळीने लोंबणारी मोहरीएवढी फळे. कावीळ झाली की ते मुळासकट उपटावे, वाटावे आणि ताकातून घ्यावे, ही आमच्याकडची रीत. लहानपणी मला कावीळ झाली तेव्हा आजीने तेच पाजले आणि मी बरा झालो. गाव अजून त्याची साक्ष देते.

अशा साक्षीचा एक जुना कागद कोचीनला झाला. तेथील डच अंमलदार व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याला माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन वैद्य होते, तसेच रंगभट, आपूभट आणि विनायक पंडित हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. या तिघांनी १६७५ साली दिलेली ग्वाही पहिल्या खंडात नागरी अक्षरांत आहे. भुईआवळाही त्या ग्रंथात आहे.

पुढे तीनशे वर्षांनी झाडाची उलटतपासणी झाली. ‘बी’ काविळीचा विषाणू शोधणारे, १९७६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ब्लुम्बर्ग आणि मद्रासचे त्यागराजन यांनी १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला. महिनाभर भुईआवळ्याची पूड घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. औषध नसलेली पूड घेतलेल्या २३ जणांपैकी एकाच्याच. केवढी आशा वाटली असेल! परंतु पुढे थायलंडात आणि न्यूझीलंडात झालेल्या चाचण्यांत तसा गुण आला नाही. काचेच्या नळीत अर्क विषाणूला अडवितो. माणसाच्या देहात तो तसे करतो, हे सिद्ध झालेले नाही.

मग मी बरा कसा झालो? मुलांची कावीळ पुष्कळदा ‘ए’ विषाणूची, दूषित पाण्यातून आलेली असते आणि बहुधा आपोआप उतरते. माझ्या चुलत्यांनीही हाच रस घेतला होता. ते गेले. त्यांची कावीळ कोणत्या जातीची, हे कोणी तपासलेच नाही. गावाने माझे बरे होणे झाडाच्या नावावर मांडले, त्यांचे जाणे दैवाच्या.

आजीची माया खोटी नव्हती. हिशेब मात्र अपुरा होता. बांधावरचा भुईआवळा मी आजही उपटून टाकीत नाही. पण कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर आधी रक्त तपासून घ्या म्हणून सांगतो.