काशीला निघालेली जोडपी

जुन्या मराठी घरांत नवरा-बायकोनं मिळून मुलूख पाहायला निघायचं, तर सबब बहुधा एकच चाले: तीर्थयात्रा. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या घरांना तर त्यासाठी वाट शोधायलाही नको होती. दख्खनचा काशीमार्ग याच शहरातून जाई. शहरही काही काळ मराठ्यांकडेच होतं: १७८१मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा प्रदेश घेतला, १७९८मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७मध्ये इंग्रजांकडे.

नागपूर, सिवनी, जबलपूर, मैहर, रीवा, मिर्झापूर असा तो रस्ता. आधी सातपुड्यातलं सागवानाचं रान, मग नर्मदा, पुढे विंध्याचा कटरा घाट उतरला की गंगेचं मैदान. देखावा पाहायला सवड मात्र कमीच. या वाटांवर ठगांचा वावर होता, आणि त्यांचा बीमोड करणाऱ्या स्लीमनचं ठाणं जबलपूरलाच होतं.

काशीयात्रेत प्रयागही येई, आणि तिथे जोडीशिवाय अडे. वेणीदानात नवरा त्रिवेणीकाठी बायकोची वेणी घालतो आणि तिचं टोक कापून संगमात सोडतात. एरवी चारचौघांत बायकोशी बोलायला बिचकणारा गृहस्थ भर घाटावर तिचे केस विंचरायला बसे! घरी परतल्यावर मावंद्याचं जेवण.

अलाहाबादहून जबलपूरपर्यंत रेल्वे आली १८६७मध्ये. मुंबईकडची गाडी मार्च १८७०मध्ये इथे येऊन मिळाली आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जुळला. महिन्यांची वाट दिवसांवर आली. जबलपूरला उतरलेल्यांना भेडाघाट जवळच. संगमरवरी कड्यांमधली नर्मदा पाहायची, की चौसष्ट योगिनींच्या मधोमध नंदीवर जोडीनं बसलेले गौरी-शंकर? दोन्ही एकाच फेरीत होई. पुण्य पदरात आणि सहल फुकट, असा हा चोख व्यवहार.

आता सबब लागत नाही. तरी डोंगर आणि वाळवंट एकाच फेरीत पाहायचं तर दीक्षितपुऱ्यातल्या जोडप्याला सोपं पडतं ते पुन्हा तीर्थच. जबलपूरहून दयोदय एक्सप्रेस थेट अजमेरला नेते. तिथून अरवलीची एक रांग ओलांडली की पुष्कर, थरच्या वाळूच्या कडेला. यज्ञाला पत्नी लागतेच; सावित्रीला उशीर झाला म्हणून ब्रह्मदेवानं गायत्रीला शेजारी बसवलं, अशी तिथली कथा. रागावलेली सावित्री समोरच्या टेकडीवर जाऊन बसली, ती आजही तिथेच आहे. जाणाऱ्या जोडप्यांनी आधी तिच्याकडे जावं. पायऱ्या नको असतील तर २०१६पासून रोपवेची सोय आहे.