सोसायटीतलं पावसाचं पाणी उपसायचंय? टिकाऊ पंप कसा निवडायचा आणि कुठून घ्यायचा

ठाण्याचा माजिवडा म्हणजे रस्त्यांचं जंक्शन. मुंबईकडून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता इथे एकत्र येतात. पाण्याच्या दृष्टीनेही ही जागा मधलीच आहे. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला बाळकुम-कोलशेतच्या बाजूची खाडी. डोंगरावर पडलेला पाऊस नाल्यांतून खाडीकडे निघतो आणि नेमकी त्याच वेळी मोठी भरती असेल तर तो पुढे सरकत नाही. मग पाणी सखल भाग शोधतं. हल्लीच्या गृहसंकुलांमध्ये सर्वांत सखल भाग असतो तळघरातलं पार्किंग.

तिथे पाणी शिरलं की काय होतं, याचं उदाहरण मुंबईत घडलेलं आहे. १८ जुलै २०२१ च्या पावसात कांदिवलीतल्या ठाकूर संकुलाच्या भूमिगत वाहनतळात पाणी भरलं आणि सुमारे ४०० गाड्या त्यात अडकल्या. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती.

त्यामुळे पाणी उपसणारा पंप ही सोसायटीसाठी लिफ्टइतकीच गरजेची वस्तू आहे. पण तो बहुतेक वेळा घाईत, फक्त 'किती एचपी?' एवढंच विचारून घेतला जातो. पुढच्या जुलैत बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणते. टिकाऊ पंप निवडताना एचपीआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: पाणी कसलं आहे, ते किती उंच चढवायचं आहे आणि बिघाड झाला तर सुटे भाग कुठे मिळतील.

आधी हिशेब: पंप किती मोठा हवा?

एक साधं सूत्र लक्षात ठेवा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी जमतं.

समजा तळघर २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे आणि त्यात ३० सेंटिमीटर पाणी साचलंय. म्हणजे झालं ९०,००० लिटर. मिनिटाला ५०० लिटर पाणी फेकणारा पंप ते ३ तासांत काढेल. पण हे पाऊस थांबलेला असेल तर.

आता समजा तळघराच्या उताराकडे ५०० चौरस मीटर अंगणाचं पाणी वाहतंय आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस सुरू आहे. म्हणजे दर तासाला २५,००० लिटर, मिनिटाला साधारण ४१५ लिटर नवं पाणी आत येतंय. पंप काढतोय ५००. खरी घट मिनिटाला फक्त ८५ लिटरची. तीन तासांचं काम साडेसतरा तासांवर गेलं!

तसेच दोन पंप लावले तर हेच पाणी अडीच-पावणेतीन तासांत निघतं. म्हणून एका मोठ्या पंपापेक्षा दोन मध्यम पंप बरे. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. उताराच्या तोंडाशी उंचवटा किंवा जाळीची आडवी गटार करून पाणी आत येणंच कमी केलं, तर पंपाचं निम्मं काम वाचतं.

'हेड' म्हणजे काय? आणि डब्यावरचे आकडे खरे मानायचे का?

पाणी जितक्या उंचीवर चढवायचं, त्याला हेड म्हणतात. तळघराच्या जमिनीपासून बाहेरच्या नाल्यापर्यंत ४ मीटर उंची असेल, तर पाइपातलं घर्षण आणि वळणं धरून साधारण ६ मीटर हेड पकडावं.

पंपाच्या डब्यावर 'कमाल हेड १२ मीटर, कमाल डिस्चार्ज ५०० लिटर' असं छापलेलं असतं. इथेच फसगत होते. हे दोन आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल हेडला पाणी जवळपास शून्य येतं आणि कमाल पाणी मिळतं ते हेड जवळपास नसताना. त्यामुळे दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "६ मीटरला मिनिटाला किती लिटर?" चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात याचा तक्ता असतोच.

खोटा दावा ओळखायची युक्तीही सोपी आहे. मिनिटाचे लिटर गुणिले हेडचे मीटर, भागिले ४५००. आलेला आकडा म्हणजे नुसतं पाणी उचलायला लागणारे एचपी. 'एक एचपी, १० मीटरला १००० लिटर' असं कुणी सांगितलं तर गणित २.२ एचपी दाखवतं. म्हणजे ते शक्यच नाही. त्यातही गढूळ पाण्याच्या छोट्या पंपांची बरीच शक्ती वाया जाते. म्हणून वरच्या उदाहरणातल्या ५०० लिटर आणि ६ मीटरसाठी गणितात पाऊण एचपीहून कमी आलं, तरी प्रत्यक्षात २ एचपीचा पंप लागेल.

पाइपही तोलामोलाचा हवा. मिनिटाला ५०० लिटरसाठी ३ इंची पाइप घ्या. पैसे वाचवायला दीड-दोन इंची पाइप जोडला तर पंप तोच राहतो, पण पाणी घटतं.

कोणता प्रकार घ्यावा?

मोनोब्लॉक: टाकीत पाणी चढवणारा ओळखीचा पंप. तो कोरड्या जागी ठेवून पाणी ओढून घ्यावं लागतं आणि त्याची ओढ व्यवहारात ६-७ मीटरपर्यंतच चालते. पाणी वाढून मोटरपर्यंत आलं की खेळ संपला.

ओपनवेल सबमर्सिबल: पाण्यात बुडवून चालतो, पण स्वच्छ पाण्यासाठी बनवलेला असतो. चिखल, पालापाचोळा आणि प्लास्टिक त्याला झेपत नाही.

ड्रेनेज किंवा मड पंप: पावसाच्या गढूळ पाण्यासाठी हाच. बुडवून चालतो, खाली जाळी असते आणि बारीक घाण आतून पार होते. सांडपाणी मिसळत असेल तर मोठे तुकडे न अडकता पुढे ढकलणारा सीवेज पंप घ्यावा.

पेट्रोल किंवा डिझेल पंप: वीज गेल्यावर उपयोगी. मात्र तो फक्त उघड्यावर चालवायचा. याचं कारण पुढे येईल.

आयएस ९०७९ आणि आयएस १४२२० ही भारतीय मानकं अनुक्रमे मोनोब्लॉक आणि ओपनवेल पंपांची आहेत. पंपावरचे तारे विजेची बचत सांगतात. यांपैकी कशावरूनही पंप चिखलात टिकेल का, हे कळत नाही.

टिकाऊपणा कशात असतो?

• बॉडी: ओतीव लोखंडाची असेल तर वजनदार, पण वर्षानुवर्षं टिकते. प्लास्टिकची बॉडी अधूनमधून वापरायला ठीक.

• सील: मोटरमध्ये पाणी जाऊ न देणारा भाग. दोन मेकॅनिकल सील आणि त्यांच्यामध्ये तेलाची कुपी, अशी रचना असलेला पंप निवडा. बहुतेक मोटरी जळतात त्या सील गेल्यामुळे.

• शाफ्ट आणि वाइंडिंग: शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा, वाइंडिंग तांब्याचं. बिलावर तसं लिहून घ्या.

• ओव्हरलोड संरक्षण: इम्पेलरमध्ये पिशवी अडकली तर मोटर जळायच्या आत बंद पडली पाहिजे.

• फ्लोट स्विच: पाणी वाढलं की चालू, संपलं की बंद. कोरडा चाललेला पंप काही मिनिटांत सील खातो.

थ्री फेज पंप असेल तर एक खबरदारी. फेज उलटे जोडले गेले तर पंप उलटा फिरतो, आवाज करतो, पण पाणी कमी फेकतो. 'पंप खराब निघाला' म्हणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून हे तपासून घ्या.

कुठून घ्यायचा?

माजिवड्यातून जवळचा पर्याय म्हणजे ठाण्यातले कंपनीचे अधिकृत विक्रेते. वागळे इस्टेट हा जुना औद्योगिक भाग असल्याने मोटर वाइंडिंग आणि दुरुस्तीची कामं तिथे होतात. मोठी निवड हवी असेल तर मुंबईतली नागदेवी स्ट्रीट. मध्य रेल्वेने मशीद बंदरला उतरून चालत जाता येतं आणि पंप, पाइप, सील यांची दुकानं ओळीने मिळतात. केबल आणि स्टार्टरसाठी जवळच लोहार चाळ आहे.

कंपन्यांमध्ये सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीशी नाव जोडलेली किर्लोस्कर ब्रदर्स, पिंपरीत कारखाना असलेली केएसबी, क्रॉम्प्टन, तसंच कोइमतूरच्या सीआरआय आणि टेक्स्मो ही परिचित नावं. पण नावापेक्षा मॉडेल महत्त्वाचं. त्याच मॉडेलचा सील आणि इम्पेलर ठाण्यात मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

ऑनलाइन स्वस्त मिळू शकतो, पण बिघडल्यावर जड पंप पाठवायचा कुठे, हे आधी बघा. कुठूनही घ्या, अनुक्रमांक लिहिलेलं जीएसटी बिल आणि शिक्का मारलेलं हमीपत्र घ्याच. वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच लागणार असेल, तर मे महिन्यातच भाड्याच्या पंपाचा करार करून ठेवणं परवडतं. पाणी भरल्यावर भाड्याचा पंप शोधू नका, तेव्हा सगळ्यांनाच तो हवा असतो.

या चुका जिवावर बेततात

१. पेट्रोल-डिझेल पंप किंवा जनरेटर तळघरात चालवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत तो थोड्या वेळात माणूस मारतो.

२. पंप चालू असताना पाण्यात कुणी उतरू नये. जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. तळघरातलं मीटर किंवा पॅनेल पाण्याखाली जात असेल तर स्वतः हात न लावता महावितरणला १९१२ वर कळवा.

३. सांडपाण्याच्या टाकीतला पंप तुंबला म्हणून माणसाला आत उतरवू नका. माजिवड्याजवळच्या ढोकाळीत मे २०१९ मध्ये एका गृहसंकुलाची सांडपाणी प्रक्रिया टाकी साफ करताना तीन कामगारांचा गुदमरून जीव गेला. सुरक्षा साधनांशिवाय असं काम करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून पंप बसवतानाच त्याला साखळी किंवा मार्गदर्शक दांडा लावून घ्या, म्हणजे तो वरूनच ओढून काढता येतो.

पंप दहा वर्षं चालावा म्हणून

पाणी उपसून झालं की तो स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं चालवा, म्हणजे आतला गाळ निघून जातो. एरवी महिन्यातून एकदा पाण्यात बुडवून सुरू करा. एप्रिलमध्ये तेलाची कुपी उघडून बघा. तेल दुधासारखं पांढरं झालं असेल तर सील गळतोय, तो लगेच बदला. सीलचा खर्च मोटर पुन्हा भरण्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

उपसलेलं पाणी मैलावाहिनीत किंवा शेजारच्या सोसायटीकडे न सोडता पावसाळी गटारात सोडा आणि पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर भरतीच्या वेळी बाहेर टाकलेलं पाणी त्याच पाइपाने परत आत येतं.

आणि शेवटचं: पंप कुठे आहे, किल्ली कुणाकडे आहे आणि तो सुरू कसा करायचा, हे रात्रपाळीच्या वॉचमनला माहीत असायला हवं. पाऊस सेक्रेटरी जागे व्हायची वाट बघत नाही.