जवळचं दार कुठे आहे?



आज मी तुम्हाला एका शनिवारची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट फार जुनी नाही, १५ जानेवारी २०२२ ची. पण आहे खूप लांबची, अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातल्या कॉलिव्हिल गावातली. ऐकता ऐकता तुम्हाला आपल्याच गटाची बैठक आठवेल, म्हणून मुद्दाम निवडली.

गोष्टीतली माणसं ज्यू, म्हणजे आपण ज्यांना यहुदी म्हणतो ती. रायगडकडच्या मैत्रिणींना ती परकी नाहीत. अलिबागच्या आसपासच्या गावांतून यहुदी कुटुंबं शेकडो वर्षं राहिली. मराठी बोलायची, तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची. म्हणून गावानं त्यांना नावच दिलं ‘शनिवार तेली’. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा आणि प्रार्थनेचा दिवस. त्याला ते शब्बाथ म्हणतात. प्रार्थनाघराला म्हणतात सिनेगॉग, आणि धर्मगुरूला रब्बी. देश कुठलाही असो, शनिवारचा नेम तोच.

तर त्या शनिवारी सकाळी थंडी होती. कॉलिव्हिलच्या बेथ इस्राएल सिनेगॉगच्या दारावर एका अनोळखी माणसानं टकटक केली. रब्बी चार्ली सायट्रन-वॉकर यांनी त्याला आत घेतलं, चहा करून दिला, दोन शब्द बोलले. आपण नाही का दारात आलेल्याला आधी पाणी विचारत, तसंच. मग प्रार्थना सुरू झाली. करोनामुळे बहुतेक मंडळी घरूनच मोबाइलवर प्रार्थना बघत होती. सिनेगॉगमध्ये रब्बी धरून चारच जण होते, आणि हा पाहुणा. प्रार्थनेत एके ठिकाणी जेरुसलेमच्या दिशेला तोंड करायचं असतं. रब्बी वळले, आणि मागून ‘खट्’ असा आवाज आला. पाहुण्याच्या हातात पिस्तूल होतं.

पुढं काय झालं ते सांगतेच. पण आधी थोडं मागं जाऊ या. कारण त्या दिवशी जे कामी आलं, ते आधीच शिकून ठेवलेलं होतं.

अमेरिकेत यहुदी लोकांच्या प्रार्थनाघरांवर, शाळांवर हल्ले होण्याची भीती बरीच जुनी. म्हणून २००४ मध्ये तिथल्या मोठ्या यहुदी संस्थांनी मिळून सुरक्षिततेसाठी एक वेगळी संस्था काढली, सिक्युअर कम्युनिटी नेटवर्क. तिचं काम असं की गावोगावच्या सिनेगॉगना सावध करायचं आणि तिथल्या लोकांना तयार करायचं. शहरांतल्या यहुदी संघटनांनीही आपापले सुरक्षा अधिकारी नेमायला सुरुवात केली. पिट्सबर्ग शहरात २०१७ मध्ये ब्रॅड ऑर्सिनी हे काम बघू लागले. ते पूर्वी एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेत होते. त्यांनी सिनेगॉगमध्ये जाऊन प्रशिक्षणं घेतली.

आता प्रशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काठ्या, बंदुका येतात. तसं नव्हतं. शिकणारे कोण, तर रब्बी, कमिटीची माणसं, दारात उभं राहून येणाऱ्याचं स्वागत करणारे स्वयंसेवक, मुलांना शिकवणाऱ्या बाया. शिकायचं काय, तर या इमारतीला बाहेर पडायची दारं किती? त्यातलं एखादं सामान ठेवून अडवलंय का? आतून पटकन उघडतं का? फोन कोण करणार? म्हाताऱ्या माणसांना कोण धरणार? रक्त वाहत असेल तर जखमेवर कापड दाबून कसं धरायचं? आणि हल्लाच झाला तर तीन गोष्टी. आधी पळा. पळता येत नसेल तर लपा. तेही जमत नसेल तर जे हातात येईल ते घेऊन प्रतिकार करा.

पिट्सबर्गच्या ‘ट्री ऑफ लाईफ’ सिनेगॉगचे रब्बी जेफ्री मायर्स यांच्यापुढं यातून एक अवघड प्रश्न आला. कडक नेम पाळणारे यहुदी शब्बाथच्या दिवशी फोनला हात लावत नाहीत. ऑर्सिनींनी त्यांना सांगितलं की शनिवारीसुद्धा फोन जवळ ठेवा. आपल्यातल्या एखादीला कडक उपासाच्या दिवशी कुणी खायला सांगावं, तसंच हे. पण यहुदी धर्मातच एक मोठा नियम आहे, जीव वाचवण्यासाठी शब्बाथचा नेम मोडला तरी चालतो. मायर्स फोन जवळ ठेवू लागले.

२७ ऑक्टोबर २०१८, पुन्हा शनिवारच. एक माणूस बंदुका घेऊन त्या सिनेगॉगमध्ये शिरला. त्या एका इमारतीत तीन मंडळांच्या प्रार्थना चालत. ११ माणसं मारली गेली. बहुतेक सगळी वयस्कर, वेळेआधी येऊन बसणारी. अमेरिकेच्या इतिहासात यहुदींवर झालेला हा सगळ्यांत भीषण हल्ला. मायर्स यांनी जवळ असतील तितक्यांना बाहेर काढलं आणि खिशातल्या त्याच फोनवरून पोलिसांना कळवलं. शिकलेलं आठवलं म्हणून जीव वाचला, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं.

मला इथं थांबून एक बोलायचंय. प्रशिक्षण झालं होतं, तरी ११ जण गेले. म्हणजे शिकलं की संकट टळतं असं मी म्हणणार नाही, तसं कुणी म्हणूही नये. गेलेल्यांनी काही चूक केली असंही नाही. दोष मारणाऱ्याचा. पण जे वाचले त्यांच्यातल्या काहींना तरी त्या तासा-दोन तासांच्या शिकवणीनं बाहेरची वाट दाखवली. पिट्सबर्गनंतर देशभरातल्या लहानलहान सिनेगॉगनीही अशी प्रशिक्षणं घेतली. कॉलिव्हिलच्या मंडळींचं प्रशिक्षण ऑगस्ट २०२१ मध्ये झालं. त्यांच्यावर वेळ आली त्याच्या पाचच महिने आधी.

आता पुन्हा त्या शनिवारी जाऊ या.

पिस्तूलवाला माणूस ब्रिटनहून आलेला होता. जवळच्या तुरुंगातल्या एका कैदी बाईला सोडा, अशी त्याची मागणी. यहुदी लोकांच्या हातात सगळी सत्ता असते, ते म्हणतील तसं सरकार करतं, हे खूळ त्याच्या डोक्यात बसलं होतं. चार साध्या माणसांना धरून आपलं काम होईल असं त्याला वाटलं. एखाद्या समाजाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या पसरवलेलं खोटं कुठवर जातं बघा.

चौघांपैकी एक सिनेगॉगच्या कमिटीवर होते. त्यांनी सुरुवातीलाच हळूच आपत्कालीन नंबर लावला आणि फोन पालथा ठेवून दिला. माणसानं पुढं यायला सांगितल्यावर त्यांनी जागा निवडली ती दाराच्या रेषेतली. मग तासन्‌तास थोडं थोडं सरकत ते आणि बाकीचे दाराच्या जवळ येत राहिले. शेजारच्याला कुजबुजून सांगितलं की दार कुठं आहे. रब्बी त्या माणसाशी शांतपणं बोलत राहिले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यानं एकाला सोडलं. तिघे उरले.

रात्री नऊ वाजत आले. बाहेर पोलीस बोलणी करत होते, पण आतला माणूस आता चिडू लागला होता. एकदा त्यानं गुडघ्यांवर बसायला सांगितलं. कमिटीवाल्यांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून मान हलवली, नाही. थोड्या वेळानं तो काहीतरी पिऊ लागला. पिस्तूल नीट रोखलेलं नव्हतं. रब्बींनी इतर दोघं तयार आहेत ना ते बघितलं, त्यांना पळा म्हणाले, समोरची खुर्ची उचलून त्या माणसावर फेकली आणि तिघेही दाराबाहेर पडले. दार लांब नव्हतं. दिवसभर थोडं थोडं करून ते त्यांनी जवळ आणलं होतं. नंतर पोलीस पथक आत शिरलं आणि तो माणूस मारला गेला. ओलिसांपैकी कुणालाही जखम झाली नाही.

आम्हाला कुणी सोडलं नाही, आम्ही निसटलो, हे त्यांनी नंतर आवर्जून सांगितलं. आणि जीव धोक्यात असेल तर आपल्यालाच काहीतरी करावं लागतं, हे प्रशिक्षणातून मनात बसलं होतं, असं रब्बींनी सांगितलं.

आपल्याला हे वाचताना मुंबईचं नरिमन हाऊस आठवतं. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी तिथल्या यहुदी केंद्रात शिरले. तिथले रब्बी, त्यांची पत्नी आणि आणखी चार जण मारले गेले. त्यांचा छोटा मोशे, दोन वर्षांचाही पुरता नव्हता. त्याचा आवाज ऐकून त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल लपलेल्या जागेतून बाहेर आल्या, वर गेल्या आणि बाळाला उचलून बाहेर पडल्या. ते काळीज त्यांचं स्वतःचं होतं. पण माझ्या मनात येतं, दरवेळी एकट्या बाईच्या काळजावरच का भिस्त ठेवायची? चार जणींनी आधी मिळून शिकून ठेवलं तर तिला हात मिळतील की नाही?

आणि त्या चहाचं काय? अनोळख्याला आत घेतलं ही रब्बींची चूक होती का? असं कुणी विचारेलच. मला तसं वाटत नाही. दार कायमचं बंद केलं तर ते प्रार्थनाघर कसलं? रब्बीही नंतर पाहुणचाराच्या बाजूनंच बोलत राहिले. त्यांना चहाही करता येत होता आणि वेळ आल्यावर खुर्चीही फेकता आली. दोन्ही लागतं.

आपल्या गावात बंदूकवाला येईल असं मी म्हणत नाही. पण मंडपाला आग लागते, देवळात चेंगराचेंगरी होते, पुराचं पाणी रात्री शिरतं, बैठकीत एखादी चक्कर येऊन पडते. म्हणून पुढच्या बैठकीत हिशेबाची वही उघडायच्या आधी पाच मिनिटं काढा. या खोलीला दारं किती? दुसऱ्या दाराशी पोती कुणी रचलीत? ११२ नंबर कोण लावणार, आणि गावाचा, वस्तीचा पत्ता नीट कोण सांगणार? लहान मुलं आणि म्हातारी माणसं कुणाच्या हाताला? नावं ठरवा, वहीत लिहा, आणि एकदा उठून, चालून बघा. नुसतं बोलून पायांना कळत नाही.

पोती मात्र त्याच दिवशी हलवा. उद्यावर टाकू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.