गोधडी : हिवाळी स्त्रीश्रमाचा आणि घरगुती वस्त्रव्यवहाराचा एक दुर्लक्षित पुरावा

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या वस्त्रेतिहासाचे लेखन बहुतांशी पैठणी, हिमरू, सोलापुरी चादर आणि मुंबईच्या कापडगिरण्या यांच्याभोवती फिरत राहिले आहे. याचे कारण उघड आहे. जे कापड विणले गेले, विकले गेले, दरबारी जामदारखान्यात जमा झाले किंवा जहाजावर चढले, त्याची नोंद कोणीतरी ठेवली. परंतु विकत घेतलेले कापड अंगावर विरल्यानंतर त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासलेखनात फारसा विचारला गेलेला नाही. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांपुरते त्याचे उत्तर एकच होते : त्याची गोधडी झाली.

गोधडीविषयी मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. कवितेत, ललितलेखात ती वारंवार येते. मात्र तेथे ती एक तर दारिद्र्याची खूण असते किंवा आजीच्या मायेची ऊब. या दोन्ही भावना खऱ्या असल्या तरी त्यांच्या आड तीन साधे प्रश्न झाकले जातात. गोधडी कोणी शिवली, केव्हा शिवली आणि कशाची शिवली? प्रस्तुत लेखात याच प्रश्नांच्या अनुषंगाने गोधडीकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले आहे.

शब्द आणि वस्तू :

मराठी ‘गोधडी’, हिंदी ‘गुदडी’ आणि गुजराती ‘गोदडी’ हे शब्द एकाच कुळातील होत. दक्षिण महाराष्ट्रात ‘वाकळ’ हा शब्द अधिक रूढ आहे, तर सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात याच वस्तूला ‘कौदी’ म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द आहेत. त्याहून जुना शब्द ‘कंथा’. संस्कृत वैराग्यकाव्यात आणि नाथपंथीय परंपरेत कंथा हे विरक्ताचे वस्त्र आहे. गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांना चिंध्यांच्या वस्त्रामुळे लोक ‘गोधडे महाराज’ असेही म्हणत.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. कंथा पांघरणारा पुरुष परंपरेला दिसला. घरोघरी कंथा शिवणारी स्त्री मात्र तिला दिसली नाही.

हिवाळ्याचे काम :

गोधडीचे एक पंचांग आहे. भाद्रपदात, घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची रीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ पाळली गेली. पाण्यात भिजून जड झालेली गोधडी दगडावर आपटताना कोठे विरली आहे, कोठे टाके सुटले आहेत, हे लक्षात येते. म्हणजे नवरात्राची धुणी ही एका अर्थी घरातील पांघरुणांची वार्षिक मोजदादच असे. दिवाळी होते, खरिपाचे धान्य घरात येते, थंडी वाढू लागते आणि मार्गशीर्ष-पौषातील दुपारच्या उन्हात अंगणात किंवा ओसरीवर गोधड्या पसरल्या जातात. पौषात लग्नकार्ये नसतात, रब्बीची ज्वारी अजून काढणीला आलेली नसते. नव्या गोधड्या उन्हाळ्यातही शिवल्या जात. परंतु रात्री लागणारी वस्तू दिवसा दुरुस्त करावयाची, ही घाई हिवाळ्यातल्या कामातच असे.

या कामाला ‘फावल्या वेळचे काम’ म्हणण्याची सवय आहे. ती तपासून पाहावयास हवी. पहाटेचे दळण, पाणी, स्वयंपाक, गुरे आणि शेत सांभाळून उरलेली दुपार ही फुरसत नव्हती. एक काम संपून दुसरे सुरू होण्यामधली ती जागा होती आणि त्या जागेतही काम बसवलेले होते.

शिवण्याची रीत :

जमीन सारवून कोरडी झाली की तळाचे कापड पसरतात आणि ते सरकू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर दगड किंवा जड भांडी ठेवतात. त्यावर धोतराचे, लुगड्याचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे असे मांडावयाचे की कोठे उंचवटा येऊ नये आणि कोठे पोकळी राहू नये. जाड कापड मध्ये आणि मऊ कापड अंगाला लागेल त्या बाजूला, हा सर्वसाधारण नियम. हा थर म्हणजे गोधडीचा गाभा. वरचे कापड घालून कडा आत दुमडतात आणि धावदोऱ्याच्या टाक्यांनी सर्व थर एकत्र बांधतात. शिवण कडेकडून मध्याकडे चौकोनी फेऱ्यांनी जाते किंवा समांतर ओळींनी. मोठी गोधडी असेल तर दोघी-तिघी वेगवेगळ्या बाजूंनी बसतात. टाका लांब पडला तर पांघरताना पायाचे बोट त्यात अडकते आणि दोरा तुटतो. फार बारीक पडला तर काम संपत नाही. हे प्रमाण हातालाच कळते. ते शिकवणारी शाळा नव्हती. शेजारी बसणे हेच शिक्षण होते.

गोधडीत मोजमापाचे गणितही आहे. नऊवारी लुगड्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा सव्वादोन वारांचा, म्हणजे साधारण माणसाच्या उंचीहून थोडा अधिक होतो. असे दोन तुकडे शेजारी जोडले की गोधडीची एक बाजू तयार होते. अर्थात एका लुगड्यात तळ आणि वर अशा दोन्ही बाजू निघतात. पाचवारी साडीत असे दोनच पुरे तुकडे मिळतात, म्हणजे एकच बाजू. नऊवारीकडून पाचवारीकडे झालेल्या स्थित्यंतराची चर्चा आजवर शिक्षण, शहरीकरण व सुधारणा यांच्या अंगाने झाली. त्या बदलाने घरातील जुन्या कापडाचा साठा किती आटला, ही बाजू राहून गेली.

कापड कोठून आले?

जुनी गोधडी जेथे झिजून उघडी पडते, तेथे तिचे थर दिसू लागतात. हे थर साधारणपणे कालक्रमाने असतात, कारण जुनी गोधडी टाकून न देता तिच्यावर नवे कापड चढवले जाते. हातमागाचे जाडेभरडे कापड, विलायती पातळ, गिरणीचे धोतर आणि छापील साडी असा क्रम एकाच गोधडीत सापडू शकतो. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली व तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. गिरणीचे स्वस्त कापड पुढे खेड्यापर्यंत पोहोचले, तेव्हा नव्या कापडाबरोबर जुन्याचाही साठा वाढला. गोधडी ही सनातन ग्रामीण वस्तू आहे हा समज म्हणूनच अपुरा वाटतो. विसाव्या शतकातली भरगच्च, अनेक थरांची गोधडी ही बऱ्याच अंशी गिरणीयुगाची निर्मिती आहे.

उलट उदाहरण दुसऱ्या महायुद्धाचे. कापडाची टंचाई व भाववाढ एवढी झाली की सरकारला १९४३ मध्ये सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढावा लागला. नवे कापड दुर्मीळ झाले की जुने कापड अंगावर जास्त काळ राहते आणि गोधडीपर्यंत पोहोचते ते जवळजवळ विरूनच. अशा काळात गोधडीचे काम कमी होत नाही, वाढते. फक्त त्यात घालायला कापड नसते.

स्वातंत्र्योत्तर काळात जुन्या कापडाला एक नवा दावेदार मिळाला. शहरांतून दारोदार फिरणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देऊ लागली. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची प्रतिष्ठा वाढली तशी गोधडीसाठी बाजूला ठेवलेली साडी डब्याच्या किंवा पातेल्याच्या मोबदल्यात घराबाहेर जाऊ लागली. या व्यवहारात घासाघीस करणाऱ्या दोन्ही बाजूंना स्त्रियाच होत्या. घरातील जुन्या कापडाची मालकी प्रत्यक्षात कोणाकडे होती, याचा हा बोलका पुरावा होय. त्यानंतर कृत्रिम धाग्याचे कापड आले. १९८२ चा गिरणी संप आणि कृत्रिम धाग्याला उत्तेजन देणारे १९८५ चे वस्त्रधोरण यांनी सुती कापडाची पीछेहाट अधिक वेगाने झाली. पॉलिएस्टरची साडी विरत नाही, घाम शोषत नाही, थरांत सरकते. ती वर्षानुवर्षे टिकते. पण जुनी होऊन मऊ होणे हा गुण तिच्यात नाही आणि गोधडी त्याच गुणावर उभी असते. बाजारातील स्वस्त ब्लँकेट मग घरोघरी आले. पानिपतच्या कारखान्यांत देशोदेशींचे जुने लोकरी कपडे पिंजून ब्लँकेटे तयार होतात, हे लक्षात घेतले तर चिंधी पांघरणे थांबलेले नाही. घरची चिंधी जाऊन परकी चिंधी आली, एवढेच.

संशयित वस्तू आणि नाकारलेले कापड :

एका प्रसंगी मात्र गोधडी शासनाच्या नजरेत भरली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर पुण्यात घरझडत्या झाल्या. रोग्यांच्या घरांतील अंथरूण-पांघरूण व चिंध्या यांच्यावर संसर्गाचे वाहक म्हणून संशय होता आणि ते जाळून टाकण्यात येई. रँडच्या वधाचा इतिहास सर्वज्ञात आहे. पण ज्या घरातील सर्व पांघरुणे अशी जळाली, तेथे पुढच्या थंडीत काय पांघरले गेले, या प्रश्नाला त्या इतिहासात जागा मिळालेली नाही.

जुने कापड सर्वांना सारखेच मिळत नव्हते, हेही स्पष्ट करावयास हवे. सवर्ण घरात स्वतःचे जुने लुगडे गोधडीत जाई. गावकुसाबाहेरच्या घरात मात्र दुसऱ्यांनी टाकलेले, अगदी प्रेतावरचे कापडही येई, आणि रूढीने त्याला ‘हक्क’ असे नाव दिलेले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख पटवणारी वेशभूषा सोडून स्वच्छ राहण्याचे आवाहन केले. त्या आवाहनाच्या प्रकाशात पाहिले असता चिंधीला केवळ काटकसरीचे किंवा पर्यावरणस्नेही जीवनशैलीचे प्रतीक म्हणून गौरवणे फार सोयीचे ठरते. ज्यांनी उतरलेले कापड नाकारले, त्यांच्या दृष्टीने ते नाकारणे हाच इतिहास होता.

नोंदीबाहेरचे श्रम :

घोंगडी विणणारा सणगर व कपडे शिवणारा शिंपी यांना जात होती, व्यवसाय होता आणि गावगाड्यात नावही होते. गोधडी शिवणारीला यांपैकी काहीच नव्हते, कारण ती प्रत्येक घरात होती. ज्या कामाला बलुते नाही त्याची वहीत नोंद नाही. संग्रहालयांनीही फारसे वेगळे केले नाही. बंगालच्या कंथेला गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) यांच्यासारखा संग्राहक लाभला आणि १९३९ मध्ये स्टेला क्रामरिश यांनी तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्या कंथेवर चित्रे होती, आकृती होत्या. तिला कला म्हणणे सोपे होते. दख्खनच्या गोधडीवर बहुधा सरळ टाकेच असतात, त्यामुळे ती कलेच्या दालनाबाहेर राहिली. शिवाय ती शेवटपर्यंत वापरली जाते. वरून शेवटचे कापड विरले की ती पायपुसणे होते, मोरीवरचे फडके होते. जतन होण्यासाठी वापर थांबावा लागतो आणि गरजेची वस्तू तशी थांबत नाही.

आधुनिक सांख्यिकीने या अदृश्यतेला संकेतांक दिला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक वर्गीकरणात घरकामाबरोबरच घरच्या वापरासाठी शिवण, विणकाम इत्यादी करणाऱ्या व्यक्तीसाठी ९३ हा संकेतांक असून तो श्रमशक्तीच्या बाहेर मोजला जातो. तीच गोधडी तिने दुसऱ्यासाठी मजुरीवर शिवली तर ती श्रमशक्तीत येते. टाका तोच, दोरा तोच, दुपारही तीच. देशपातळीवरील पहिली वेळ-वापर पाहणी २०१९ मध्ये झाली. तिच्यात अशा तासांची मोजणी होऊ लागली, तोवर घरात गोधडी शिवणाऱ्यांची पिढी वृद्ध झालेली होती.

अलीकडे मागणीनुसार गोधड्या शिवून देणारे स्त्रियांचे बचत गट पुढे आले आहेत. त्यांत बहुधा शिंप्याकडील कात्रणे किंवा नवे सुती कापड वापरले जाते. हे काम प्रथमच पैशांत मोजले जात आहे, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. मात्र अशा गोधडीत एकाच घराचे चाळीस-पन्नास वर्षांचे कापड नसते. तसे कापड ज्या गोधड्यांत आहे, त्या अजून माळ्यावर आणि ट्रंकांत सापडतात. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी त्यांची नोंद घेताना शिवण उसवण्याची गरज नाही. डोक्याकडील कड आणि पायाकडील कोपरे सर्वांत आधी झिजतात. तेथे थर मोजता येतात, कापडाचा प्रकार व काठ ओळखता येतो आणि शिवणारी हयात असेल तर कोणते कापड कोणाचे होते, हे ती बोट ठेवून सांगते.