आणा गेला, आणेवारी राहिली

आजचा भाग ऐकण्याआधी एक छोटंसं काम करा. मोबाईलमध्ये मित्रांचा ग्रुप उघडा आणि सर्चमध्ये 'आणे' टाईप करा. मी करून बघितलं. 'सोळा आणे खरं बोललास' दोनदा सापडलं, 'याला आठ आण्याची अक्कल नाही' एकदा, आणि एका लग्नाच्या बजेटवरून 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला'. ग्रुपमधल्या एकानंही आयुष्यात आण्याचं नाणं हातात धरलेलं नाही. तरी कुणी 'आणा म्हणजे काय रे?' असं विचारलं नाही.

आधी हिशोब सांगतो, पटकन. जुन्या रुपयात १६ आणे. एका आण्यात ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. आणि एका आण्यात १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. 'आईनं पै-पै जमवली' असं आपण म्हणतो, त्यातली पै ही रुपयाचा १९२वा भाग. कोंबडीचं गणितही आता बघा. चार अधिक बारा किती? सोळा! अख्खा रुपया गेला, आणि त्यातला पाऊण मसाल्यावर. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो, पण ही बेरीज आत्ता हा भाग लिहिताना लक्षात आली.

१ एप्रिल १९५७ ला हा सगळा कारभार बदलला. रुपयाचे १०० पैसे झाले. जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून त्यांना 'नया पैसा' म्हणायचे, ते 'नया' १९६४ मध्ये गळलं. आता अडचण कुठे आली? शंभराला सोळानं भागा. सव्वासहा. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे कुणी कुणाला कसे द्यायचे? म्हणून रूपांतराचे तक्ते निघाले. एक आणा म्हणजे ६ पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९. दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघांनाही आपणच बुडालो असं वाटायला पुरेसं.

फक्त चारच्या पटीत हिशोब चोख बसत होता. चार आणे २५ पैसे, आठ आणे ५०, बारा आणे ७५, सोळा आणे १००. माझ्या मते म्हणूनच हे चार आकडे आपल्या बोलण्यात टिकले. पाच आण्याची किंवा अकरा आण्याची अक्कल कुणी काढत नाही. पंचवीस पैशाच्या नाण्याला लोक चार आणेच म्हणत राहिले, मुंबईत कुणाला 'चवन्नी छाप' म्हणत राहिले. ते नाणंही ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं. पन्नास पैसे मात्र कायद्यानं आजही चालतात बरं का. दुकानदार घेणार नाही, ती गोष्ट वेगळी.

आण्याच्याही आधीची नाणी आपल्या तोंडात आहेत. 'दीडदमडीचा माणूस' मधली दमडी हा पैशाचाही तुकडा. पण मला सगळ्यात आवडतो तो 'बट्टा'. 'घराण्याच्या नावाला बट्टा लावलास', हा सिरीयलमधल्या सासऱ्यांचा लाडका डायलॉग. हा बट्टा मुळात सराफाच्या दुकानातला. पेशवाईत रुपया एक नव्हता. पुण्याकडे अंकुशी रुपया, नाशिककडे चांदवडचा चांदोरी, शिवाय सुरती. प्रत्येकात चांदी कमीजास्त. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी द्यायचा तर सराफ तो दगडावर आपटून आवाज ऐकणार, झीज बघणार आणि तेवढी किंमत कापून घेणार. ही कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. आवाज स्वच्छ आला तर नाणं खणखणीत, नाही तर बद्द. १८३५ मध्ये कंपनी सरकारनं एकाच वजनाचा रुपया आणला आणि हळूहळू सराफांचा हा धंदा बसला. बट्टा मात्र थेट नावाला येऊन चिकटला.

इथपर्यंत सगळं गमतीचं आहे. आता ज्या शब्दासाठी हा भाग केला, त्याकडे येतो. आणेवारी.

इंग्रजांच्या काळात पीक किती आलं हे आण्यात सांगायचे. नेहमीचं भरपूर पीक सोळा आणे, निम्मं आलं तर आठ आणे. ऐकायला साधं, पण शेतसारा यावर ठरायचा. मुंबई इलाख्यात नियम होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब मागता येईल. १९१७ च्या पावसाळ्यात गुजरातेत खेडा जिल्ह्याचं पीक अतिवृष्टीनं गेलं. खेडा तेव्हा याच इलाख्यात. शेतकरी म्हणाले, पीक चार आण्याच्या आत आहे. सरकारी अधिकारी म्हणाले, चार आण्याच्या वर. बस, भांडण एवढंच! गांधीजी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून पीक किती आलं त्याची चौकशी करत होते. मार्च १९१८ मध्ये सारा न भरण्याचा सत्याग्रह सुरू झाला, वल्लभभाई पटेल त्यात उतरले, लोकांची गुरं आणि भांडी जप्त झाली. शेवटी ज्यांना झेपेल त्यांनी भरावं आणि गरिबांची वसुली तहकूब, अशा तडजोडीवर जूनमध्ये ते मिटलं. एवढा मोठा लढा, आणि वाद कशावरून, तर चार आणे खालून की वरून!

आणा १९५७ ला गेला, पण पीक मोजायची ही पद्धत गेली नाही. सरकारी कागदावर तिचं नाव 'पैसेवारी' झालं. खरिपाची आधी नजर अंदाजाची पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. शेतात पीक कापणीचे प्रयोग होतात, नेहमीच्या उत्पन्नाशी तुलना होते आणि गावाला आकडा मिळतो. ५० पैशांच्या आत आला तर गाव टंचाईचं. पन्नास पैसे म्हणजे किती? आठ आणे. गावात आजही कुणी 'पैसेवारी' म्हणत नाही, पारावर 'आणेवारी किती लागली?' असंच विचारतात.

त्या एका आकड्यावर काय अवलंबून असतं? जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या बिलात सवलत, आणि शाळा-कॉलेजातल्या पोरांची परीक्षा फी माफ. आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर गावांची यादी लागायची. माझ्या वर्गातल्या एकाचं गाव यादीत होतं, ओढ्यापलीकडचं दुसऱ्याचं नव्हतं. एकाच ढगाखालची दोन गावं. दुसऱ्यानं फी भरायला कानातली बाळी विकली आणि वर्षभर तो स्वतःलाच 'एक्कावन्न पैसे' म्हणून हाक मारून घ्यायचा. आम्ही हसायचो, तोही हसायचा.

२०१६ मध्ये केंद्रानं दुष्काळाची नवी नियमावली काढली. त्यात पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे निकष आले. तरी दर वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत पैसेवारीच्या याद्या लागतातच, आणि पेपरात मथळा बहुतेक वेळा 'आणेवारी' असाच येतो.

तुमच्या घरात असा एखादा चलनातून गेलेला शब्द अजून वापरात असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आजीच्या आवाजात असेल तर फारच छान. पुढच्या भागात शेर, पावशेर आणि नवटाक. नवटाक म्हणजे काय हे कुणाकडून शिकलात तेही सांगा, नाव गुप्त ठेवू.